शंभरातल्या किती जणांना, आणि त्यांत आपण कुठे?

‘शुगर मुळापासून बरी, तीन महिन्यांत गोळ्या बंद.’ असा मजकूर सोलापुरात एका घरी मराठीत येतो, शेजारी तेलुगूत आणि पलीकडच्या गल्लीत कन्नडमध्ये. तिघं यंत्रमागाच्या कारखान्यात चहाला जमले की प्रत्येकाला वाटतं, तीन ठिकाणांहून तीच गोष्ट कळतेय म्हणजे तथ्य असणार. प्रत्यक्षात एकच संदेश तीन भाषांत फिरत असतो. एखादा दावा कितीदा कानावर आला, यावरून तो किती खरा आहे हे ठरत नाही.

ते ठरवायला चार प्रश्न लागतात. फायदा कोणाला झाला? शंभरातल्या किती जणांना? नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत किती जास्त? आणि तो किती काळ टिकला? यानंतर पाचवा प्रश्न येतो आणि उपचार स्वतःसाठी निवडायचे असतील तर तोच सगळ्यात मोलाचा: ज्यांना फायदा झाला ती माणसं माझ्यासारखी होती का?

मधुमेहाचा हाच दावा या प्रश्नांसमोर ठेवून पाहू. त्यात अर्धं सत्य आहे, आणि धादांत खोट्यापेक्षा अर्धं सत्य ओळखणं अवघड जातं.

ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यात टाइप २ मधुमेहाचे सुमारे ३०० रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांच्या शुगरच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बंद केल्या आणि ३ ते ५ महिने त्यांना दिवसाला फक्त ८२५ ते ८५३ कॅलरीचा, पेयांच्या रूपातला आहार दिला. नंतर साधं जेवण हळूहळू सुरू केलं. वर्षअखेरीस आहारगटातल्या १०० पैकी ४६ जणांची शुगर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. नेहमीच्या उपचारांच्या गटात असे १०० पैकी ४ होते. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण १०० पैकी ८६. ज्यांचं वजन वाढलं, त्यांच्यातल्या एकालाही ते जमलं नाही. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले आणि पुढच्या वर्षांत आणखी घटत गेले.

म्हणजे शुगर गोळ्यांशिवाय आटोक्यात येऊ शकते, हे खरं. ‘मुळापासून बरी’ हे मात्र खोटं, कारण वजन परत वाढलं की शुगरही परत येते. डॉक्टर म्हणूनच याला ‘रेमिशन’ म्हणतात: सगळी औषधं थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली. आणि हे घडवून आणलं ते वजन उतरण्यानं. त्यात चूर्ण नव्हतं, काढाही नव्हता.

आता पाचवा प्रश्न. अभ्यासातले रुग्ण २० ते ६५ वयाचे होते, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा) २७ च्या वर, मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा जास्त झालेली नव्हती आणि कोणीही इन्सुलिनवर नव्हतं. नवी पेठेतला ४२ वर्षांचा, ९२ किलो वजनाचा, दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघालेला दुकानदार या चौकटीत बसू शकतो. त्यानं डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोलावं. पंधरा वर्षं मधुमेह असलेल्या, अंगानं किरकोळ, इन्सुलिन घेणाऱ्या ६८ वर्षांच्या मावशी या चौकटीबाहेरच्या आहेत, त्यांना या आकड्यांचा आधार नाही. टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा मुलाचं इन्सुलिन असल्या संदेशावर विसंबून थांबवलं तर ते काही दिवसांत जिवावर बेततं. आणखी एक गोष्ट नेहमी निसटते. अभ्यासात आहार कमी करताना गोळ्या त्याच दिवशी थांबवल्या होत्या. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू ठेवून कोणी एकदम जेवण तोडलं, तर शुगर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, बेशुद्धी असा प्रकार होतो. म्हणून दावा तपासताना अभ्यासात ‘काय केलं’ याबरोबर ‘काय थांबवलं’ हेही विचारायचं.

टक्के कशाचे?

‘हार्ट अटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी’ असं वाक्य वाचलं की डोळ्यांसमोर शंभरातली ३६ माणसं येतात. हा आकडा खरा आहे. अटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाच्या १० मिलिग्रॅम गोळीच्या, १० हजारांहून जास्त उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला तो आहे. साधारण सव्वातीन वर्षांत साखरेची गोळी (दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली) घेणाऱ्या १०० पैकी ३ जणांना हृदयविकाराचा मोठा त्रास झाला, औषध घेणाऱ्या १०० पैकी जवळजवळ २ जणांना. ३ चे १.९ झाले, म्हणजे ३६ टक्क्यांची घट. तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत: सुमारे ९० जणांनी सव्वातीन वर्षं गोळी घेतली तेव्हा एकाचा झटका टळला. दोन्ही वाक्यं खरी आहेत. जाहिरातीत पहिलं येतं आणि औषधाला घाबरवणाऱ्या व्हिडिओत दुसरं.

आपल्याला दोन्ही लागतात, आणि त्यांच्या जोडीला लागतो आपला स्वतःचा मूळ धोका. औषधानं होणारी टक्केवारीतली घट माणसामाणसांत साधारण सारखी राहते. ती ज्या आकड्यावर बसते तो आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. समजा, घट एक तृतीयांश आहे. तंबाखू नाही, बीपी नाही, शुगर नाही अशा ४५ वर्षांच्या बाईंचा दहा वर्षांतला धोका १०० पैकी ३ असेल, तर तो २ होईल. शंभर जणींत एकीचा फायदा. ज्याला एकदा अटॅक येऊन स्टेंट बसलाय त्याचा धोका १०० पैकी ३० धरला तर तो २० होईल, म्हणजे शंभरांत दहा जणांचा फायदा. (३ आणि ३० हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेत. तुमचा आकडा वय, बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर आणि तंबाखू पाहून डॉक्टर काढतात.) गोळी एकच, पण बाईंनी ‘आधी सहा महिने चालणं-खाणं बदलून बघते’ म्हणणं रास्त, आणि स्टेंटवाल्या काकांनी व्हिडिओ पाहून गोळी सोडणं घातक. वैयक्तिक उपचार म्हणतात त्याचा बराचसा भाग इतका साधा आहे. त्याला जनुकांची गरज लागतेच असं नाही.

दुष्परिणामांनाही हीच शिस्त लावायची. ‘धोका दुप्पट’ म्हणजे लाखात एकाचे दोन, की शंभरात दहाचे वीस? हे कळल्याशिवाय घाबरायचंही नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही.

‘मला तर फरक पडला बघा’

ही सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. फरक पडलेला असतो. प्रश्न असतो तो कशामुळे पडला, हा.

समजा, जानेवारीत गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुमारास एखाद्याचं बीपी १५८ निघालं आणि त्यानं काढा सुरू केला. मेमध्ये मोजलं तर १४६. काढा लागू पडला? थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, उन्हाळ्यात सैलावतात. घामातून पाणी आणि मीठ जातं. थंडीच्या तुलनेत उन्हाळ्यात वरचं बीपी सरासरी ५ अंकांच्या आसपास खाली असतं, वयस्कर माणसांत त्याहून जास्तही. आपल्याकडे पारा ४२-४३ पर्यंत जातो. शिवाय माणूस उपाय सुरू करतो तो आकडा सगळ्यात वाईट असतो त्या दिवशी. बीपी रोज वरखाली होतंच. वाईट दिवसानंतरचा दिवस बहुतेक वेळा जरा बरा निघतो, काही केलं नाही तरी. गुडघेदुखी, मायग्रेन, अंगावरच्या पित्ताच्या गांधी, सगळ्या चढउताराच्या दुखण्यांत हेच होतं. त्यात काढ्याबरोबर मीठही कमी केलेलं असतं, चालणंही वाढवलेलं असतं, आणि डॉक्टरांनी वाढवलेली गोळी तर कोणी मोजतच नाही.

याच कारणासाठी तुलनेचा गट लागतो. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, दोघांनाही तोच उन्हाळा, तोच वाईट दिवस, तीच आशा; फरक फक्त औषधाचा. तुलनेच्या गटातही १४६ निघालं तर श्रेय काढ्याचं नाही.

कधीकधी मात्र गुण इतका झटपट येतो की तोच धोक्याची खूण असतो. सोलापुरात दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत. कंबर, गुडघे, मान यांचं दुखणं घरोघरी. बिनालेबलची पुडी घेतली आणि वर्षानुवर्षांचं दुखणं दोन-तीन दिवसांत पळालं, भूक सपाटून वाढली, काही आठवड्यांत चेहरा गोल झाला, शुगर-बीपी चढलं, अशी साखळी दिसली तर त्या पुडीत स्टेरॉइड मिसळल्याचा संशय घ्यायचा. डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन अशा भेसळीत सापडतात. ‘शुगरच्या जडीबुटीत’ अॅलोपॅथीची शुगरची गोळीच कुटून घातल्याचेही प्रकार उघडकीला आलेत. आणि जड धातूंचं काय? बोस्टनच्या दुकानांतून विकत घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

इथे एक सूचना कळकळीनं: अशी पुडी काही आठवडे चालू असेल तर संशय आला म्हणून ती एका दिवसात फेकू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं मंदावतं. एकदम थांबवलं तर उलट्या, प्रचंड अशक्तपणा, बीपी कोसळणं असं होऊ शकतं. उरलेल्या पुड्या वेष्टनासकट डॉक्टरांकडे घेऊन जा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी), शुगर आणि पोटॅशियम तपासून घ्या, आणि डोस उतरवायचा कसा ते त्यांना ठरवू द्या.

रिपोर्टवरचे ठळक आकडे

‘फुल बॉडी चेकअप, ७० तपासण्या’ अशी पॅकेजं आता सगळीकडे आहेत. नॉर्मलची मर्यादा सहसा अशी ठरते: पुष्कळ निरोगी माणसांचे आकडे घ्यायचे आणि मधले ९५ टक्के नॉर्मल म्हणायचे. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचाही प्रत्येक तपासणीत १०० पैकी ५ वेळा आकडा मर्यादेबाहेर निघणार. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर सगळ्याच्या सगळ्या नॉर्मल येण्याची शक्यता फक्त ३६ टक्के. उरलेल्या ६४ टक्के निरोगी माणसांच्या कागदावर काही ना काही ठळक अक्षरात छापून येणारच. ७० तपासण्यांत तर कोरा कागद मिळणंच दुर्मीळ.

हाच हिशेब कॅन्सरच्या ‘मार्कर’ तपासण्यांना (रक्तातल्या एखाद्या घटकावरून कॅन्सरचा संशय घेणाऱ्या) जास्त बोचतो. एक तपासणी घ्या जी १०० रुग्णांपैकी ९० जणांना बरोबर पकडते आणि १०० निरोगी माणसांपैकी ९५ जणांना बरोबर सोडते. ऐकायला उत्तम. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा १,००० जणांवर ती केली, आणि त्यांच्यात खरा आजार ५ जणांना आहे. पाचांपैकी चार-पाच जण पकडले जातील, पण ९९५ निरोगी माणसांपैकी जवळपास ५० जणही पॉझिटिव्ह निघतील. रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेल्या बारा जणांत मोठ्या मुश्किलीनं एकाला आजार. आता तीच तपासणी लक्षणं पाहून डॉक्टरांनी निवडलेल्या १,००० जणांवर करा, ज्यांत ३०० जणांना आजार आहे. २७० खरे पॉझिटिव्ह, ३५ खोटे. इथे तोच रिपोर्ट दहापैकी जवळजवळ नऊ वेळा खरा. कागदावरचा शब्द एकच, अर्थ तुमच्या लक्षणांवर बदलतो. बायकांच्या पॅकेजमध्ये घातलेली सीए-१२५ ही अंडाशयाच्या कॅन्सरची मार्कर तपासणी पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिसमध्येसुद्धा (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा, कॅन्सर नसलेला आजार) वाढलेली दिसते. तेवढ्यावरून सोनोग्राफी, सीटी आणि महिनाभर झोप उडालेली, असा प्रवास सुरू होतो.

आकडा बरोबर मोजला तरी चुकीचं सांगू शकतो, याची दोन उदाहरणं घरात उपयोगी पडतील. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देतो. लोहाच्या कमतरतेनं रक्त कमी असेल तर तो खरोखरच्या शुगरपेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. नुकताच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर कमी दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांचं रक्त कमी आढळलं होतं, तेव्हा ही अपवादाची गोष्ट नाही. हिमोग्लोबिन ८ आणि एचबीए१सी ६.६ असलेल्या ताईंनी ‘मला डायबेटिस झाला’ म्हणण्याआधी उपाशीपोटीची शुगर (१२६ किंवा जास्त असेल तर मधुमेह, तोही दुसऱ्यांदा तपासून) पाहायला हवी. दुसरं, केसांसाठीचं बायोटिन. ५ ते १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्रास विकल्या जातात. काही यंत्रांवर त्यामुळे थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खोटा कमी आणि टी३-टी४ खोटे जास्त येतात, आणि ठणठणीत माणूस थायरॉइडचा रुग्ण ठरतो. रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी ती गोळी थांबवायची आणि लॅबला तसं सांगायचं.

आकडा सुधारला, माणूस सुधारला का?

हा प्रश्न शिकलेल्या लोकांनाही चकवतो, डॉक्टरांनासुद्धा चकवून गेलाय. अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके पडणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त, हे माहीत होतं. म्हणून ठोके दाबणारी औषधं देत, आणि ठोके कमीही होत. ‘कास्ट’ नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासात तुलनेचा गट ठेवला, आणि एनकेनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, साखरेची गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. सरासरी दहा महिन्यांत. १९८९ मध्ये या औषधांचा भाग थांबवावा लागला. ईसीजी सुंदर आणि माणूस गेलेला.

बीटा कॅरोटिनचंही तसंच झालं. ते ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणजे चांगलंच असणार, असा समज. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर अभ्यास झाला. १९९४ च्या निष्कर्षांत रोज २० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसानं ‘फुप्फुसं साफ करणारी’ अँटिऑक्सिडंट गोळी विकत घेण्याआधी हा एक आकडा तरी लक्षात ठेवावा. गाजर खाण्याशी याचा संबंध नाही. दोष एकवटलेल्या मोठ्या डोसचा.

म्हणून शुगरचंही लक्ष्य सगळ्यांना एक नसतं. बरीच वर्षं मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या १०,२५१ जणांवरच्या ‘अकॉर्ड’ अभ्यासात एका गटाचं एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा आटापिटा केला. साडेतीन वर्षांत त्या गटात १०० पैकी ५ मृत्यू, ७ ते ७.९ वर समाधान मानणाऱ्या गटात ४. तरुण, नुकताच मधुमेह निघालेल्या माणसानं ६.५ चा आग्रह धरावा. मुलं पुण्याला, घरी दोघंच, शुगर कमी झाल्याचं पटकन कळत नाही, अशा ७५ वर्षांच्या आजोबांना डॉक्टरांनी ‘८ पर्यंत चालेल’ म्हटलं तर तो हलगर्जीपणा नव्हे. तो त्यांच्यासाठी नीट केलेला विचार आहे.

‘तुमच्या जनुकांनुसार’

थुंकी पाठवा, आहार मिळवा. या दाव्याची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत ६०९ जाड व्यक्तींना चिठ्ठ्या टाकून कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर दिला. कोणाला कोणता आहार ‘जनुकांनुसार’ योग्य, तेही तपासलं होतं. २०१८ च्या निष्कर्षांत एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो, आणि जनुकांशी जुळणारा आहार मिळालेल्यांना जादा फायदा झाला नाही. शिवाय आजारांच्या धोक्याचे जनुकीय ‘स्कोअर’ बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले असल्यामुळे आपल्या लोकांसाठी ते आणखी डळमळीत.

काही जनुकीय तपासण्या मात्र खऱ्या कामाच्या आहेत. त्यांची ओळख अशी की त्यांच्या उत्तरानं औषध किंवा डोस बदलतो. फिटसाठी किंवा चेहऱ्याच्या कळांसाठी कार्बामाझेपिन सुरू करताना एचएलए-बी*१५:०२ हा जनुकाचा प्रकार असेल तर त्वचा सोलवटून निघणारी जीवघेणी रिअॅक्शन येऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००७ मध्येच आशियाई वंशाच्या रुग्णांत ही तपासणी आधी करायला सांगितलं. अॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करताना एनयूडीटी१५ या जनुकात बदल असेल तर नेहमीच्या डोसनं पांढऱ्या पेशी कोसळतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ट्रास्टुझुमॅब हे औषध गाठ एचईआर२ पॉझिटिव्ह, म्हणजे एचईआर२ हे प्रथिन जास्त असलेली असेल तरच उपयोगी. विकणाऱ्याला एकच विचारायचं: ‘उत्तर हो आलं तर माझं कोणतं औषध बदलेल, आणि नाही आलं तर कोणतं?’ दोन्हीला ‘भाज्या खा, चाला’ हेच उत्तर असेल तर पैसे वाचवा.

घरी तपासून पाहायचं तर

‘ज्वारीची भाकरी खाल्ली की शुगर वाढत नाही’ हे आपल्या भागात इतक्या खात्रीनं बोललं जातं की पाच भाकऱ्या खाऊनही माणूस निर्धास्त असतो. तुमच्या ताटापुरतं उत्तर तुम्ही काढू शकता, फक्त नीट काढायला हवं. सहा दिवस घ्या. तीन चिठ्ठ्यांवर ‘भाकरी’, तीनवर ‘भात’ लिहा आणि रोज एक उचला, म्हणजे आवडीचा दिवस निवडला जाणार नाही. पीठ आणि तांदूळ कोरडेच तोला, दोन्ही ६० ग्रॅम. बरोबर एक वाटी वरण आणि एक चमचा शेंगाचटणी, रोज तितकंच. जेवणाची वेळ तीच, नंतरचं चालणं तितकंच, चालू गोळ्या ठरल्या वेळी. प्रयोगासाठी कोणतीही गोळी चुकवायची नाही. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा बोटातून शुगर घ्या. लिहायचा तो दोन्हींतला फरक.

चुका ठरलेल्या जागी होतात. आंबा कापलेल्या बोटानं तपासलं तर आकडा भलताच चढतो. साबणानं हात धुऊन कोरडे करा. पट्ट्या बहुधा ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आणि एप्रिलमध्ये दुचाकीच्या डिकीत ठेवलेली डबी खराब होते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे यंत्रावर गरजेपेक्षा जास्त विश्वास. घरगुती ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार १०० च्या वरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत चालते. म्हणजे १८० दाखवलं तर खरी शुगर १५३ ते २०७ यांत कुठेही असू शकते. म्हणून भाकरीच्या दिवसांची वाढ ४८, ७०, ५५ आणि भाताची ६२, ९०, ५८ आली तर काही सिद्ध झालं नाही; दोन्ही एकमेकांत मिसळलेत. ३५, ४५, ४० विरुद्ध ८५, १००, ९० आली, तर तुमच्यापुरतं मान्य करायला हरकत नाही. शेजारच्या अक्कांचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

बीपीचा असाच सात दिवसांचा हिशेब करता येतो. सकाळी औषधाआधी आणि संध्याकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास सोडून, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं. पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्या २४ ची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी जास्त. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच वाढलेलं दिसतं.

लेबल, कायदा आणि डॉक्टरांसमोरचा कागद

मधुमेह, कॅन्सर, मोतीबिंदू, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अगदी उंची वाढवणं, अशा अनेक बाबतींत औषधानं बरं करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानं बंदी आहे. ‘शुगर कायमची घालवा’ असा फलक दिसला तर दाव्याचं खरंखोटं नंतर, जाहिरातच बेकायदा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. डब्यावरचा एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक हा खाद्यपदार्थाचा परवाना आहे, गुणाचा दाखला नव्हे. पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ असावीच लागते. ती शोधा आणि विकणाऱ्याला वाचून दाखवा. औषधानं, मग ते कोणत्याही पॅथीचं असो, त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर नोंदवता येतो.

सिव्हिल असो की खाजगी दवाखाना, डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. आदल्या दिवशी एका कागदावर सगळं लिहा: चालू गोळ्या, चूर्ण, काढा, प्रोटीन पावडर, इंजेक्शनं, किती आणि कधीपासून. चूर्ण सांगायला संकोच वाटतो म्हणून अनेकजण लपवतात, आणि क्रिएटिनिन का वाढलं याचं उत्तर मग महिनोन्‌महिने सापडत नाही. खाली तीन प्रश्न लिहा. ‘डॉक्टर, माझ्यासारख्या शंभर जणांना हे दिलं तर कितींना फायदा होतो आणि कितींना त्रास?’ ‘मी हे घेतलं नाही तर काय होईल?’ ‘उपयोग होतोय की नाही, हे कशावरून आणि कधी कळेल?’ नेमका आकडा प्रत्येक वेळी मिळणार नाही. ‘बहुतेकांना होतो’, ‘मोजक्यांना होतो’ एवढं कळलं तरी निर्णय बदलतो. ‘तुमच्या बाबतीत पुरावा थोडा आहे, तीन महिने घेऊन बघू, फरक नसेल तर थांबवू’ असं डॉक्टर म्हणाले, तर थांबवायची तारीखही त्याच कागदावर त्यांच्यासमोर लिहून घ्या.